विणलेलंच ना?

“मग तुझ्यावर कोणी विश्वास का ठेवला नाही?”

“मला काय विचारता तात्या? त्यांना विचारा. मी चौथी शिकलेली बाई. गठ्ठे बांधते. माझं कोण ऐकून घेणार?”

मार्कंडेयाच्या देवळाच्या ओट्यावर आम्ही तिघं होतो. खांबाला टेकून मल्लेशम तात्या गाजुल. त्यांच्यासमोर मी. आणि माझ्या शेजारी, पण माझ्याकडे न बघता, अंबादास.

तात्या म्हणजे आमच्या सोलापुरातलं कापडाचं शेवटचं कोर्ट. माग सोडून वर्षं झाली, तरी कापडावरून भांडण झालं की माणसं या ओट्यावर येतात. तात्या कापड हातात घेतात, सांगतात, आणि ते सांगतील ते मालकही मानतो नि कामगारही. अंबादास त्यांचा लाडका चेला. आमच्या कारखान्याचा जो माल परदेशी जातो, त्याचे कागद तोच करतो. दोन लेकरांचा बाप झाला, तरी तात्यांसमोर मांडी घालून बसत नाही, गुडघ्यावर बसतो.

ओट्याचा एक नियम आहे. तिथं कापडाला इंग्रजी नाव घ्यायचं नाही. “आपल्या तोंडात शब्द नाहीत का?” असं म्हणून तात्या माणसाला उठवून देतात. चांगल्या शिकलेल्यांना उठवलेलं मी बघितलंय.

“सांग महानंदा. पहिल्यापासून सांग.”

सांगितलं.

आमच्याकडे टॉवेलचं कापड दोन जातीचं निघतं. एक मागावरचं, उभ्या आडव्या धाग्याचं. दुसरं नव्या गोल मशीनवरचं, सुयांवरचं, स्वेटरसारखं. वरून दोन्हीला तीच मऊ लव. पण सरकारी पुस्तकात दोघांची घरं वेगळी. मागावरचं अठ्ठावन्नाव्या प्रकरणात, सुयांवरचं साठाव्यात. प्रकरण चुकलं की जकात चुकते, आणि माल बंदरावरून हलत नाही.

“गठ्ठ्यांवर लावायला अठ्ठावन्नच्या चिठ्ठ्या आल्या. मी मॅनेजरला म्हटलं, साहेब, हे सुयांवरचं आहे, ओढलं की ताणतंय. ते म्हणाले, अंबादासनं ठरवलंय, तू बांध. बांधले. बंदरावरच्या साहेबानं गठ्ठा फोडला, धागा ओढला, माल अडकवला. आता मालक म्हणतात, कागद बरोबरच होते, मी गठ्ठे बदलले. मागावरचं कापड बाहेर विकलं आणि हे भरलं. चोर म्हणतात मला, तात्या. देवळात दिवा लागायच्या आत चुकीला दुसऱ्या कोणाचं नाव आलं नाही, तर पोलिसात देणार.”

“दुसरं नाव कोण देणार?”

“तुम्ही. तात्या देतील ते नाव मानीन, असं मालकच म्हणाले. याला लिहून आणायला पाठवलंय.”

अंबादासच्या हातात कोरा कागद होता. तो त्याची सुरळी करत होता, सोडत होता, परत करत होता.

तात्यांनी हात पुढे केला. अंबादासनं पिशवीतून तुकडा काढून दिला. अडकलेल्या मालातलाच. तात्यांनी तो मांडीवर पसरला, लव वर ठेवून, आणि त्यावरून तळवा फिरवला. फिरवतच राहिले.

“छान आहे.”

“छान असेल. मी आत जाणार आहे.”

“मावशी, हळू बोला,” अंबादास म्हणाला. “देऊळ आहे.”

“देवाला ऐकू जाऊ दे की. तुला तर जात नाही.”

तात्या हसले नाहीत. तळवा फिरत होता.

“अंबादास. अठ्ठावन्न कोणी ठरवलं?”

“मी.”

“मशीनवर जाऊन बघितलंस?”

“नाही. माझं ऑफिस गावात. मला नमुना येतो.”

“धागा ओढलास?”

“...नाही.”

“मग कशावरून ठरवलंस?”

अंबादासनं कागदाची परत सुरळी केली.

“कोणाला विचारलंस?”

“कोणालाच नाही.”

माझं डोकंच फिरलं. “खोटं बोलतोय हा. कोणालाच नाही? हा नवी चप्पल घेताना सुद्धा तात्यांना विचारून...”

आणि मी थांबले.

तात्यांचा तळवाही थांबला.

आत पुजारी समई घासत होता. राखेचा तेवढा खरखर आवाज.

“नमुना घेऊन तू इथं आला होतास,” तात्या म्हणाले. “आरतीनंतर. माणसं बसली होती.”

“मला आठवत नाही.”

“मला आठवतंय. मी कापड पालथं करून बघितलं होतं का?”

“तात्या, जाऊ द्या.”

“बघितलं होतं का?”

“...नाही.”

तात्यांनी मांडीवरचा तुकडा पालथा केला. मागच्या बाजूला बारीक साखळ्या, एकीत एक अडकलेल्या. कडेचा एक धागा त्यांनी नखानं धरला आणि ओढला. अख्खी ओळ सरसरत उसवत गेली. दुसरा ओढला. दुसरी ओळ गेली.

“तू मला काय विचारलंस? जसं विचारलंस तसंच सांग.”

अंबादास जमिनीकडे बघत होता. “विचारलं... तात्या, हे विणलेलंच ना?”

“पुस्तकात दोन विणींना दोन वेगळे शब्द आहेत. ते का नाही घेतलेस?”

“ते इंग्रजी आहेत.”



मी आपली ‘विणलेलं’ हा शब्द मनाशी घोळवत बसले. तात्यांनी जन्मभर मागावर लुगडी विणली. मी थंडीत सुयांवर स्वेटर विणते. दोघांनाही आम्ही विणणंच म्हणतो. एवढ्या वर्षांत कधी अडलं नव्हतं.

“मी काय म्हणालो?”

“राहू द्या.”

“अंबादास. मी काय म्हणालो?”

“म्हणालात...” त्यानं सुरळी मुठीत दाबली. “म्हणालात, नाहीतर काय, भाजलेलं?”

“माणसं हसली.”

“हो.”

“तू?”

“मीपण हसलो.”

“मनात शंका होती?”

“होती.”

“मग परत का नाही विचारलंस?”

अंबादासनं पहिल्यांदा मान वर केली. तात्यांनी त्याला काही भलतंच करायला सांगितलं असावं, तसा तो बघत होता.

“तुम्हाला? परत?”

मला राहवलं नाही. “म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं. तुझ्या गुरूची लाज झाकायला माझंच लुगडं सापडलं का रे?”

“तसं नाही मावशी. मला वाटलं, मालक ओरडतील आणि विसरतील. नेहमी विसरतात. तुमचं मिटलं असतं. पण तात्यांचा शब्द एकदा खोटा पडला, तर या ओट्यावर परत कोण येईल?”

“आणि माझं नाव? ते काय उकिरड्यावर पडलं होतं?”

अंबादासनं मान परत खाली घातली. 

तात्यांनी कापडाची घडी घालायला घेतली. ते नेहमी लव बाहेर ठेवून घडी घालतात, म्हणजे घेणाऱ्याच्या हाताला मऊ लागतं. आज लव आत गेली आणि साखळ्या बाहेर आल्या. घडी त्यांनी अंबादासच्या हातात दिली.

“निटेड,” तात्या म्हणाले.

अंबादास दचकला. मीपण. सुयांवरच्या विणीचा तो इंग्रजी शब्द त्या ओट्यावर मी कधी ऐकला नव्हता, आणि त्यांच्या तोंडून तर नाहीच.

“कागद काढ.”

अंबादासनं कागद गुडघ्यावर सरळ केला. पेन काढलं. “तात्या, मी माझं लिहितो. विचारायला मी चुकलो. मी लिहितो.”

“तुझं नाव अजून गावात झालेलं नाही.”

“मग काय लिहू?”

तात्या माझ्याकडे वळले. “महानंदा. तू सांग. कोणाचं लिहायचं?”

मला अंबादासचंच हवं होतं. सकाळपासून तेच दातात धरून आले होते. त्याला फाटकाबाहेर उभा केलेला बघायचा होता, मला केलं तसा. आता तो समोर बसला होता, मान खाली, ती उलटी घडी छातीशी धरून... आणि शब्द बाहेर येईना.

“माझं नको,” मी म्हटलं. “बाकी तुमचं तुम्ही बघा. पण खोटं नको. खोट्यानं सुटायचं असतं, तर मी इथं कशाला आले असते?”

पुजाऱ्यानं समई गाभाऱ्यात नेली. तेलाची बाटली घ्यायला परत बाहेर आला, आमच्याकडे बघितलं आणि आत गेला.

“लिही, अंबादास.”

पेन कागदावर टेकलं होतं. हलत नव्हतं. टेकलं तिथं शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

“तात्या, उद्या गाव विचारेल. मी काय सांगू?”

“जे लिहिशील तेच.”

“माझ्या हातानं नका लिहायला लावू.”

“कापड कोणाच्या हातात दिलं होतंस?”

अंबादास रडत होता. आवाज नव्हता, नुसते खांदे.

आत काडी ओढल्याचा आवाज आला.

“मोठ्या अक्षरात लिही,” तात्या म्हणाले. “मल्लेशम नरसय्या गाजुल.”