फुंकर

"पण कागद चांगलाच आलाय ना, बाबा? मग आता कसली शंका?"

इलाहीनं दवाखान्याचा घडी घातलेला कागद चाँदशा बाबांच्या पुढ्यात ठेवला. बाबा उदाचे खडे फोडत बसले होते. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

गुरुवार होता. टेकडीवरच्या त्या लहानशा दर्ग्यात गुरुवारी पाच-सहा गावांतल्या बाया लेकरं घेऊन येत. कुणाचं किरकिरं, कुणाचं दूध न पिणारं. दुआ पुटपुटायची आणि लेकराच्या तोंडावर फुंकर घालायची, एवढंच काम. लेकरू शांत व्हायचं. निदान आई तरी व्हायची.

बाबांचे दात गेले, दम पुरेनासा झाला, तसं वर्षापूर्वी हे काम इलाहीकडे आलं. त्याची फुंकर लांब आणि भरदार. चेल्याच्या फुंकरीला गुरूपेक्षा जास्त गुण आहे, असं लोक बोलू लागले. इलाहीला ते गोड लागे. का लागू नये?

म्हणूनच सकाळी बाबा "आज बाहेर बसू नकोस" म्हणाले, तेव्हा त्याच्या मनात पहिलं आलं ते हेच... म्हाताऱ्याला आपलं कौतुक सोसवत नाही.

"खोकल्याला किती दिवस झाले?" बाबांनी विचारलं.

"उदाचा धूर आहे, बाबा. इथं कोण खोकत नाही?"

"मी नाही खोकत. साठ वर्षं हाच धूर खातोय."

इलाही हसला. हसता हसता त्याला ढास लागली.

बाबांनी ती संपू दिली. मग म्हणाले, "आणि तो पेला?"

"कुठला?"

"पोचा आलेला पितळी. तीन आठवडे तू त्यातूनच पाणी पितोस. कुणाला हात लावू देत नाहीस."

"उगाच... खबरदारी."

"कशाची?"

...

इलाहीनं कागद उचलून त्याची घडी पुन्हा दाबली. संध्याकाळी अंगात भरणारी कणकण त्यानं कुणाला सांगितली नव्हती. परवा रुमालावर दिसलेला लाल ठिपका तर त्यानं स्वतःलाही नीट पाहू दिला नव्हता. रुमाल धुऊन टाकला आणि दिवसभर कुणाशी धड बोलला नाही.

"कागद चांगला आहे," तो पुन्हा म्हणाला. आवाज मघाचा नव्हता.

"मग ये. असा बस." बाबांनी खडे बाजूला सारले. "माझ्या तोंडावर फुंक."

इलाही पुढे सरकला. बाबांनी डोळे मिटले आणि चेहरा वर केला. बोळकं तोंड जरासं उघडं होतं.

इलाहीनं छाती भरून घेतली.

...

फुंकर बाहेर येईना. त्यानं मान झटक्यात भिंतीकडे वळवली.

"का रे?"

"नको, बाबा."

"कागद चांगला आहे ना?"

"तुमचं वय झालंय..."

"बाहेर शेवंताचं लेकरू आहे. आठ महिन्यांचं. त्याचं वय माझ्याहून जास्त आहे?"

इलाहीला रडू फुटलं. तिशी ओलांडलेला माणूस, दाढी भिजेपर्यंत रडला.

"आशा कार्यकर्ती वैजयंताताईंनी डबी दिली. म्हणाल्या, थुंकी तपासायची आहे. मी थुंकी दिली."

"ती इथंच ओट्यावर बसून सांगत होती. मीही ऐकलं. सकाळी उठल्याबरोबर, खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढा. बेडका पाहिजे म्हणाली."

"मी दुपारी दिली... तोंडातली."

"तिनं छातीतलं मागितलं, तू तोंडातलं दिलंस. कागद तोंडाचा आलाय, इलाही."

"पण मी पेला वेगळा ठेवला होता, बाबा! उष्टं कुणाला दिलं नाही. एकदाही नाही!"

"हां. पेला वेगळा ठेवलास आणि श्वास वाटत फिरलास." बाबांचा आवाज चढला नाही. "पेल्यानं नाही जात ते. वाऱ्यानं जातं. खोकल्यातून, अशा फुंकरीतून. हेही ती सांगत होती. तू तेव्हा आपलं कौतुक ऐकत होतास."

"आणि टीबी निघाला तर? मला टेकडी तरी चढू देतील का लोक?"

"औषध आहे. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सहा महिने, डॉक्टर थांब म्हणेपर्यंत. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. माणूस बरा होतो."

"आणि तोवर?"

बाबा उठले. धूर कोंडून राहावा म्हणून लावून ठेवलेल्या दोन्ही खिडक्या त्यांनी उघडल्या. मग खांद्यावरचं हिरवं फडकं काढून इलाहीच्या नाकातोंडावरून बांधलं. मागे गाठ मारली.

"आधी शेवंताला सांगून ये."

"काय सांगू?"

"गेल्या गुरुवारी काय केलंस ते."

...

दारापर्यंत दहा पावलं होती. इलाहीनं ती एकेक करून टाकली.

शेवंता पायरीवर बसली होती. त्याला पाहताच तिनं सवयीनं लेकरू दोन्ही हातांवर पुढे धरलं. लेकरू त्याच्याकडे बघून हसलं.

इलाही मागे सरला.

"जवळ आणू नकोस, शेवंता. मला टीबी असेल. मी तपासणी नीट केली नाही. उद्या सकाळी पुन्हा डबी देतो. पण गेल्या गुरुवारी मी याच्या तोंडावर फुंकर घातली. त्याच्या आधीच्याही. उद्याच याला दवाखान्यात ने आणि सगळं सांग. तपासून बघतील. आजार नसला तरी लहान लेकरांना तो होऊ नये म्हणून औषध देतात."

शेवंतानं लेकरू छातीशी आवळलं.

"आणि तुला ठाऊक होतं?"

"नव्हतं..." इलाही थांबला. "होतं."

"मेल्या! नवसाचं लेकरू रे माझं!"

तो मान खाली घालून उभा राहिला. त्यानं फुंकर घातलेल्या लेकरांची अजून अकरा घरं होती. अकरा वेळा हेच ऐकायचं होतं, आणि ते ऐकून घ्यायलाच हवं होतं.

चाँदशा बाबा दारात आले. शेवंता रडत त्यांच्याकडे वळली.

"तीन कोस चालत आले, बाबा. फुंकरीसाठी आले होते. आता अशीच जाऊ?"

बाबांनी इलाहीच्या तोंडावरच्या फडक्याकडे पाहिलं.

"अशीच कशी, पोरी? आत्ताच घातली की त्यानं फुंकर, तोंड बांधून."