चूलबाई आणि ओंडके

मला नीट आठवत नाही, चुकतही असेन. पण फिनलंडमधल्या ओंडक्यांच्या एका जुन्या शिकारघराचं संग्रहालय झालं, तेव्हाची ही गोष्ट. आगीच्या भीतीनं संग्रहालयाच्या साहेबांनी तिथली दगडी चूल बंद केली.

"सुटलो!" भिंतीतले ओंडके म्हणाले. "चूलबाई, तुमच्या धुरानं पार काळवंडलो होतो."

"बाळांनो, माझ्या उबेमुळेच तुम्ही कोरडे राहता."

"म्हातारीला करमत नाही वाटतं!" ओंडके हसले.

पुढच्या हिवाळ्यात सगळ्यात खालचा ओंडका ओल लागून मऊ पडला. "बाई, मी कुजतोय हो," तो कण्हला. विझलेली चूल काय करणार? राखणदार हिल्काबाईंच्या हाताला ती ओल लागली. साहेबांशी भांडून त्यांनी चूल पेटवली.

पुष्कळ वर्षांनी मी खात्री करून घेतली. तिथे दर शनिवारी चूल पेटते. खालचा ओंडका मात्र नवा आहे.