लक्ष्मीचा खण

मंडळी, सौद्याच्या वेळी विश्वास कुणावर ठेवाल? गोड बोलणाऱ्या भागीदारावर, की स्वतःचाच तोटा होईल असे बोलणाऱ्या परक्यावर?

पूर्वी गोदेकाठच्या अश्मक देशात सुबाहू राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व व्यापाऱ्याच्या कुळात जन्मून बैलांचा तांडा चालवीत. एकदा भागीदार सोमिलासह ते नंदिक गवळ्याच्या गोठ्यावर उतरले. तिथे कुणालाच चैन नव्हती. वासरांना हगवण लागली होती. जन्मलेले वासरू बघता बघता सुकून जाई आणि गाय भरल्या कासेने हंबरत राही.

"सगळा कळप न्या हो," नंदिक म्हणाला, "द्याल ते द्या. हे हंबरणे आता ऐकवत नाही."

सोमिलाने बोधिसत्त्वांना कोपराने ढोसले. आम्हा व्यापाऱ्यांच्या धंद्यात ही खूण सगळ्यांना कळते: स्वस्तात मिळतोय, उचला.

बोधिसत्त्व मात्र गोठाभर फिरत राहिले. कोपऱ्यातल्या खणात जन्मलेला एक गोऱ्हा पुढे राजाच्या रथाला जुंपला गेला होता. तेव्हापासून तो खण लक्ष्मीचा मानून प्रत्येक नवे वासरू तिथेच ठेवीत, आणि 'लक्ष्मी झाडू नये' म्हणून तिथला पेंढा कधी काढीत नसत. वर नवा, खाली कुजका. बोधिसत्त्वांना तांड्यातल्या गाई आठवल्या. तळ रोज नव्या, कोरड्या जागी हले आणि वासरे उड्या मारीत चालत.

"नंदिका, खोट गाईंत नाही, या खणात आहे. आजाऱ्याच्या घाणीतले न दिसणारे जीव पुढच्या वासराच्या पोटात जातात."

"शेट, उद्या सांगा की!" सोमिल कुजबुजला. "आज सौदा, उद्या धर्म."

"उद्या सांगितलेले खरे चोरीच्या मालात जमा, सोमिला."

नंदिक उसळला, "म्हणजे मीच लक्ष्मी झाडून टाकू?"

"अहो, वासरे खाते ती लक्ष्मी कसली?" त्याची बायको कल्याणी म्हणाली. "अवदसा म्हणा तिला!" कपिला गाय कळांनी येरझारा घालीत होती. कल्याणीने तिचे दावे सोडले आणि तिला कोरड्या माळावर नेले.

तिथे कालवड झाली. धुतलेल्या कासेचा चीक प्याली. नंदिक घटकेघटकेला तिचे शेपूट उचलून बघे.

"पुरे हो, लाजेल ती!" कल्याणी म्हणाली.

कालवड जगली. खण उकरून पेंढा जाळला. आधीच आजारी असलेली काही वासरे गेली, काही उठली. कळप विकला गेला नाही. बोधिसत्त्व रिकाम्या हातांनी पुढे निघाले आणि सोमिल रागाने दुसऱ्या तांड्यात गेला.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, या जन्माशी उलगडा केला: तो सोमिल आजचा देवदत्त, नंदिक हा आनंद, कल्याणी ही ज्येष्ठ भिक्खुणी खेमा थेरी, आणि तांड्याचा नायक मीच. ही सत्यपारमिता, सत्य बोलण्याची परिपूर्णता.

तेव्हा मंडळी, एवढीच विनंती. हिशेब खरा ठेवा. जगलेल्या वासरांबरोबर मेलेलीही मोजा.