काळ्या खडकावरची घोंगडी

“…एवढं सगळं असूनही मला एकटं का वाटतं, बुवा?”

बुवांनी तव्यावरची भाकरी उलटली.

विचारणारा काही ऐरागैरा नव्हता. त्र्यंबकराव निगुडकर, राज्याचे मंत्री. परराष्ट्र खातं त्यांच्याकडे, पारपत्रांचं खातं त्यांच्याकडे आणि संरक्षणही त्यांच्याकडेच. राज्य लहान, त्यामुळे तिन्ही खाती एकाच माणसाच्या गळ्यात पडली होती. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं लोक चेष्टेनं म्हणत. अर्थात त्यांच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

बुवा मात्र त्यांना ‘त्र्यंबका’ म्हणत. लहानपणी याच टेकडीवर, याच झऱ्याकाठी, त्यांनी त्याला चार अक्षरं शिकवली होती आणि कानही पिळले होते.

“सगळं म्हणजे काय काय, त्र्यंबका?”

“राजदूत येतात. हसून बोलतात. प्रत्येक हसण्यामागे काहीतरी काम असतं. मीही तसाच हसतो.”

“बरं.”

“पारपत्रांचं म्हणाल तर… ज्यांना दिलं ते गेले, पुन्हा फिरकले नाहीत. ज्यांना नाकारलं ते माझं तोंड बघत नाहीत.”

“आणि तिसरं?”

“संरक्षण चोख आहे, बुवा. सरहद्दीतून मुंगी आत येत नाही.” त्र्यंबकरावांनी कोटाचं वरचं बटण सोडलं. “माझ्या घरातही येत नाही. माझं ताट आधी दुसरा माणूस चाखतो. मग सगळे थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसतात… तो ठीक आहे ना म्हणून. मग मी जेवतो. गार.”

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. भल्यामोठ्या टेबलाच्या एका टोकाला बसून गार वरणभात कालवणाऱ्या माणसाचं दुःख भाषणात सांगता येत नाही. इथे सांगता येईल, एवढ्या आशेनं ते टेकडी चढून आले होते.

बुवांनी शेवटची भाकरी टोपलीत टाकली. वर फडकं झाकलं. हात झटकले.

गरम भाकरीचा वास झोपडीभर पसरला होता. त्र्यंबकरावांनी नकळत मांडी सावरली.

“आज जेवण नाही,” बुवा म्हणाले.

“का?”

“विसरलास?”

नव्हते विसरले. बुवांचा एक नेम होता. न कळवता, आपल्या पायांनी वर आलेल्या माणसाच्या ताटात पहिली भाकरी पडायची. तो जेवला की मग बुवा, आणि मग उरलेले सगळे. कुणी आलंच नाही तर भाकऱ्या झाकलेल्या राहायच्या आणि बुवा उपाशी निजायचे.

“मी आलोय ना, बुवा.”

“तू कळवून आलास. काल तुझे शिपाई माझ्या चुलीतली राख उकरून गेले.”

त्र्यंबकराव ओशाळले. मंत्री कुठे जाणार असले की ती जागा आधी तपासायची, वाट अडवायची, माणसं हटवायची, असा शिरस्ता होता. शिरस्ता त्यांनीच घातला होता. आज सकाळपासून टेकडीच्या पायथ्याशी चौकी होती. मीठवाली, मेंढके, देवदर्शनाची माणसं, सगळी तिथूनच परत पाठवली होती.

“मग एखाद्याला बोलावून घेतो.”

“बोलावलेला चालत नाही.”

“म्हणजे…”

“म्हणजे वाट बघायची.”

दोघं बाहेर येऊन झऱ्याकाठच्या काळ्या खडकावर बसले. पुढे पायथ्याकडे जाणारी वाट. मागे उभा कडा, आणि कड्याखाली सावळी नदी.

याच खडकावर दोन पोरं बसलेली असायची. अलीकडच्या गावचा त्र्यंबक आणि पलीकडच्या गावचा सुभान. दोघंही बुवांचे शिष्य, दोघांच्याही पोटात कावळे कोकलत असायचे. कुणीतरी यावं म्हणून ते वाटेला डोळे लावून बसायचे. सुभानची नजर घारीची. तोच आधी ओरडायचा, “आला!” एकदा आलेला माणूस दारू पिऊन तर्र होता. एकदा तर चक्क चोर होता, जेवून उठला आणि तांब्या घेऊन गेला. बुवांनी दोघांनाही सारख्याच मायेनं वाढलं.

सगळ्यांची जेवणं झाली की बुवा आपली पांढरी घोंगडी याच खडकावर पसरायचे. ती दोन्ही काठांवरून दिसायची. टेकडीवर आज कुणी उपाशी नाही, हे दोन्ही गावांना कळायचं आणि दोन्ही गावांतल्या बायका मग निवांत आपल्या चुलीकडे वळायच्या.

नदी तेव्हा नुसती नदी होती. पुढे राज्यं वेगळी झाली, नदीच्या मधोमध सरहद्द आली आणि सुभानचं गाव परमुलखात गेलं. पारपत्राशिवाय नदी ओलांडणाऱ्याला धरायचं, थांबला नाही तर गोळी घालायची, असा हुकूम निघाला. त्याखाली सही त्र्यंबकरावांची होती.

ऊन कलायला लागलं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

बुवा नव्वदीकडे झुकलेले. झऱ्याचं पाणी ओंजळीनं पुन्हा पुन्हा पीत होते.

“काल जेवलात ना?” त्र्यंबकरावांनी विचारलं.

“काल दिवसभर तुझे शिपाई इथेच होते.”

“परवा?”

बुवा नुसतेच हसले.

आता मात्र त्र्यंबकरावांना बसवेना. त्यांनी शीळ घालून चौकीवरच्या सुभेदार शितोळ्यांना वर बोलावलं.

“पायथ्याची चौकी उठवा.”

“साहेब, आपण इथे असताना? नियम आहे.”

“नियम माझाच आहे. उठवा.”

शितोळे नाइलाजानं खाली गेले. चौकी उठली. पण टेकडी बंद आहे ही बातमी पंचक्रोशीत कधीच पोचली होती. आता कोण कशाला येतंय? मंत्री वाटेकडे टक लावून बसले. शत्रूची वाट बघण्यात ज्यांची हयात गेली होती, ते आज कुणीही यावं म्हणून जीव टांगणीला लावून बसले होते.

मग त्यांच्या लक्षात आलं… बुवा वाटेकडे बघतच नव्हते. ते मागे, कड्याकडे बघत होते.

कड्याकडे चौकी नव्हती. तिकडून माणूस येणं शक्य नाही, असं नकाशा बघून ठरलं होतं.

आधी एक हात दिसला. मग पांढऱ्या केसांचं डोकं. मग धापा टाकत, ओल्या धोतरानिशी, एक म्हातारा वर आला. कमरेला फडक्यात बांधलेली वांगी होती.

“आला,” बुवा हळूच म्हणाले.

म्हाताऱ्यानं कपाळावरचं पाणी निपटलं आणि समोर पाहिलं. जागच्या जागी थिजला.

“त्र्यंबक?”

“सुभान?” त्र्यंबकराव खडकावरून उठून उभे राहिले.

म्हाताऱ्याची नजर त्यांच्या कोटावरून, बिल्ल्यावरून खाली उतरली.

“…साहेब,” तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हजारो माणसं त्यांना साहेब म्हणाली होती. कधी लागलं नव्हतं. आज काळजात कळ उठली.

तेवढ्यात वाटेवरून बूट वाजले. कड्याच्या माथ्यावर माणूस हलताना शितोळ्यांनी वाटेवरून पाहिलं होतं. दोन शिपायांसह ते धावत वर आले. बंदुका खांद्यावरून खाली आल्या.

“साहेब, बाजूला व्हा!”

सुभान पळाला नाही. त्यानं वांग्यांचं फडकं खाली ठेवलं आणि दोन्ही मनगटं जुळवून पुढे केली. बांधा म्हणून.

 

बुवा उठून झोपडीत गेले. टोपली घेऊन बाहेर आले आणि ती त्र्यंबकरावांच्या हातात दिली.

“वाढ.”

“बुवा, मी…”

“भूक लागलीय मला, त्र्यंबका.”

त्र्यंबकरावांनी सुभेदाराकडे पाहिलं. सुभानच्या मनगटांकडे पाहिलं. त्यांनी हुकूम काढला तेव्हा त्यात फक्त ‘इसम’ असा शब्द होता. त्या इसमाच्या उजव्या मनगटावर एक जुना व्रण होता. चिंचेच्या झाडावरून पडताना झालेला. ढकललं त्र्यंबकनंच होतं.

त्यांनी फडकं बाजूला केलं. भाकरी उचलली. जुळलेल्या मनगटांवर ठेवली.

सुभानची मनगटं सुटी झाली. ओंजळ झाली.

“साहेब,” शितोळ्यांचा आवाज कोरडा होता, “या इसमाचं पारपत्र?”

“मी ओळखतो याला.”

“ओळख वेगळी, साहेब. पारपत्र?”

“नाही त्याच्याकडे.”

“मग वर काय कळवू?”

सांगितलं असतं तर शितोळ्यांनी काहीही लिहिलं असतं. सांगणं फार सोपं होतं. त्र्यंबकराव क्षणभर घुटमळले, खोटं नाही सांगत.

“जे पाहिलंत ते कळवा. माणूस नदी ओलांडून आला आणि मंत्र्यानं त्याला स्वतःच्या हातानं वाढलं. माझं नाव घालून कळवा.” मग आवाज बदलून म्हणाले, “तो आला तसा परत जाईल. त्याच्या केसाला धक्का लागता कामा नये. मी जोवर मंत्री आहे तोवर हा माझा हुकूम आहे.”

म्हणजे फार तर उद्या दुपारपर्यंत. हे शितोळ्यांनाही कळलं. त्यांनी सलाम ठोकला आणि आज पहिल्यांदा साहेबांच्या डोळ्यांत बघितलं. मग शिपायांना घेऊन खाली गेले.

सुभान जेवला. त्यानं वांगी निखाऱ्यावर भाजली, मीठ-मिरची घालून चुरली. मग बुवा जेवले. एक एक घास, हळूहळू.

त्र्यंबकराव बाजूला बसून बघत होते. त्यांच्यापुढे ताट नव्हतं. मागायची हिंमत होईना.

“किती वेळा आलास असा?” शेवटी त्यांनी विचारलं.

“मोजलं न्हाय गड्या.” साहेब गेला होता, गडी परत आला होता. “ज्या दिवशी तुजी मानसं गस्तीला येऊन वाट आडवत्यात त्या दिवशी येतो.”

“आणि एरवी?”

“एरवी कशाला यीन? एरवी सांजच्याला घोंगडी दिसती की पल्याडनं. न्हाय दिसली की समजायचं, म्हातारा उपाशी हाय.”

पहारा नसायचा तेव्हा सरहद्द शाबूत असायची. मोडायची ती पहाऱ्याच्या दिवशी.

“आणि तुमच्या बाजूचे शिपाई?”

“बंदुका त्यांच्याबी हायेत. पन त्यातला एकजन हितंच जेवून मोठा झालाय. तो मान फिरवतो.”

सूर्य नदीच्या पाण्यावर टेकला होता.

“सुभान,” त्र्यंबकराव हळू आवाजात म्हणाले, “मी जेवलो का, हे कधी बघितलंस रे?”

सुभाननं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. त्याचे डोळे भरून आले.

“तुजी भिताडं लई उंच हायेत, त्र्यंबक. काय बी दिसत न्हाय.”

त्र्यंबकराव उठले. बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“येतो, बुवा. उद्या ही तिन्ही खाती माझ्याकडे नसतील.”

“हं.”

“माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.”

बुवांनी तांब्या घासायला घेतला.

त्र्यंबकराव वाट उतरू लागले. मोटार त्यांनी पुढे पाठवून दिली होती. पुढे शिपाई नाही, मागे शिपाई नाही. स्वतःच्याच पावलांचा आवाज त्यांना परका वाटत होता. पोटात भुकेचा खड्डा पडला होता, आणि बंगल्यात गार ताट वाट बघत असणार होतं. त्यांना रडू आलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते आवरलंही नाही.

वळणावर त्यांनी मागे वळून पाहिलं.

काळा खडक तसाच काळा होता. घोंगडी बुवांच्या खांद्यावर होती.

सुभान जेवला होता. बुवा जेवले होते. आता दोन्ही गावांतल्या बायका काठावर येऊन बघत असतील… म्हातारा विसरला की काय?

त्र्यंबकरावांनी दोन्ही हातांचा भोंगा केला आणि लहानपणी ओरडायचे तसे ओरडले, “बुवा! घोंगडी पसरायची राहिली!”

वरून उत्तर आलं. आवाज म्हातारा होता, पण स्पष्ट होता.

“अजून एक जण जेवायचा राहिलाय!”