दोन दोरांचा तराफा

“...आणि त्यांनी ढील दिलीच नाही तर, बाबा?”

मोलेमानं हे विचारलं तेव्हा तराफा भर नदीत तासभर एका जागी उभा होता.

तो देशच तसा. मधून नदी; उत्तर काठाला गोरे, दक्षिण काठाला काळे. राष्ट्राध्यक्ष बदलला की जुना आणि नवा एका तराफ्यावर बसायचे. तराफ्याला दोन दोर, एकेका काठाच्या हातात एक. हरलेल्या काठानं दोराला ढील द्यायची, जिंकलेल्यानं ओढायचं. कोरड्या जमिनीवर पाय टेकले की जुन्यानं नव्याच्या हातात किल्ली ठेवायची. दिवस मावळायच्या आत. नाही तर निवडणूकच रद्द.

आजवर जिंकले ते गोरेच. त्यामुळे ढील कशी द्यायची ते फक्त काळ्यांना ठाऊक.

यंदा दक्षिण काठचा मोलेमा जिंकला, आणि पंचाईत झाली. दोनशे गोरे टाचा रोवून उभे. समोर दोनशे काळे, तेही हटेनात. हसू नका, तुमच्या गावकीत याहून बारक्या गोष्टीवरून डोकी फुटली आहेत.

जुने राष्ट्राध्यक्ष हेन्ड्रिकसाहेब, पंगतीतला शेवटचा लाडू राखावा तशी किल्ली पोटाशी धरून बसलेले. तराफा चालवणारा बुऱ्हाणबाबा फकीर मात्र निवांत तंबाखू मळत होता. मोलेमाला अक्षरं शिकवली ती त्यानंच, आणि वल्हं मारायलाही.

“मावळायला घटकाच उरली, बाबा. रद्द झाली तर दोन्हीकडून बंदुका निघतील.”

“निघतील.”

“मग काही तरी करा ना!”

बाबानं कोयता पुढे केला. “घे. त्यांचा दोर काप. आपले ओढतील, पाच मिनिटांत पोचशील.”

मोलेमाचा चेहरा खुलला. हेन्ड्रिकसाहेबांचा पडला. कोयता दोराला टेकलासुद्धा...

“का रे, थांबलास का?”

“उद्या तिकडेही जायचंय मला.”

“मग आपला काप.”

“म्हणजे मी हरलो की!”

“मग बस.”

मोलेमानं कोयता खाली ठेवला.

“बाबा, मला काहीच सुचत नाही.”

“आज पहिल्यांदा खरं बोललास,” बाबा म्हणाला. आणि दोन्ही दोर ज्या एकाच खुंटाला बांधले होते, तो खुंटच त्यानं लाथेनं उडवला.

दोन्ही काठांवर चारशे माणसं धाडकन उताणी! तराफा धारेला लागला, आणि खाली धबधबा.

“साहेब चालले!” उत्तर काठ ओरडला.

“मोलेमा चालला!” दक्षिण काठ ओरडला.

चारशेच्या चारशे पाण्यात.

एका बाजूनं रेटावं तर तराफा नुसता गरगर फिरे.

“ए लांबड्या, तू तिकडून रेट!”

“तू आधी पाय मार, गाढवा!”

शिव्या दोन्हीकडून सारख्या पडू लागल्या, तसा जोरही सारखा लागला. तराफा नदीतल्या एका वाळूच्या बेटावर चढला.

हेन्ड्रिकसाहेबांचे पाय कोरड्या वाळूला टेकले. कायदा तो कायदा. सूर्याची कड अजून पाण्यावर होती, तेवढ्यात त्यांनी किल्ली दिली. मग काय तो जल्लोष! कोण कोणाच्या खांद्यावर नाचतंय, कुणाला पत्ता नव्हता.

मोलेमानं छाती फुगवून खिशातून ओलंचिंब भाषण काढलं. “बाबा, कुठून सुरुवात करू?”

बाबा लुंगी पिळत म्हणाला, “चूल पेटव, राष्ट्राध्यक्ष. चारशे माणसं भिजलीत.”