दोन खळ्यांचं नाणं

एकदा काय झालं, दूर जर्मन मुलखात एक बिशप होता. बिशप म्हणजे चर्चचा मोठा धर्मगुरू. पण तिथे तोच राजा, बरं का. मुकुटाच्या जागी उंच टोपी, आणि स्वतःची टाकसाळसुद्धा.

त्या टाकसाळीत मेल्खिओर नाण्यांचे ठसे कोरायचा. मोठ्या नाण्यावर असायचा बिशपचा चेहरा. मेल्खिओरची लेक ओटिली, आईविना पोर, त्याच्या शेजारी येऊन उभी राहायची. म्हणायची, "बाबा, माझ्याकडे बघा ना."

"थांब गं, महाराजांचं नाक कोरतोय."

मग पुन्हा यायची. "थांब, दाढी चाललीय."

मग पुन्हा. "आता टोपीच तेवढी राहिलीय."

टोपी झाली, आणि गावात तापाची साथ आली. ओटिली गेली. मेल्खिओरने मान वर केली तेव्हा घर रिकामं झालं होतं.

मग बिशप म्हणाला, "मेल्खिओर, गरिबांना पाव घ्यायला छोटं नाणं पाड. माझा चेहरा काही त्यावर मावायचा नाही. एखादा देवदूत कोर."

देवदूताला ओटिलीचा चेहरा द्यायचा, असं मेल्खिओरने ठरवलं. ठशात सगळं उलटं कोरावं लागतं, डावं ते उजवं. त्यात त्याचा हात कधी चुकला नव्हता. पण आता हात अडला. ओटिलीला खळी पडायची, ती कुठल्या गालावर? बापाला आठवेना.

पहिल्या ठशात त्याने डाव्या गालावर खळी दिली. चेहरा परका वाटला. मग उजव्या गालावर दिली. तोही परका. मग तिसरा ठसा बिनखळीचाच केला, आणि ते नाणं घेऊन तो पाववाल्या मार्थाबाईकडे गेला.

मार्थाबाईने नाणं उजेडात धरलं. "ही आपली ओटिली ना? मग हिच्या खळ्या कुठायत? दोन्ही गालांवर पडायच्या की. पाव हातात दिला की माझ्याकडे बघून हसायची."

मेल्खिओर तिथेच पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला.

मग त्याने दोन्ही खळ्या कोरल्या, आणि काय नवल! ते नाणं कुठल्याही पोराच्या मुठीत गेलं की देवदूत हसायचा. मेल्खिओरच्या हातात मात्र कधी हसला नाही. नुसता वर बघत राहायचा, वाट बघत असल्यासारखा.

पुढे गावातल्या पोरांना रोज पाव मिळाला, सगळी सुखाने राहिली. मेल्खिओर सकाळी मार्थाबाईच्या दुकानापाशी उभा राहायचा आणि येणाऱ्या प्रत्येक पोराचा चेहरा नीट बघायचा.

चला, झोपा आता. पण आधी तोंडं इकडे करा आणि हसा बघू. कुणाला कुठे खळी पडते, ते मला एकदा नीट बघू दे.