फाट्यावरची रेघ

“पाय पुढं जातात, बाबाजी. मन मागं राहतं. त्याला कसं ओढायचं?”

 म्हातारे साधू श्रावणच्या जोड्यांकडं पाहत होते.

“एवढे जाड तळवे,” ते म्हणाले. “जमिनीशी भांडण आहे का?”

श्रावण ओशाळून हसला. एकेचाळीस दिवसांपूर्वी तो कन्याकुमारीहून धावत निघाला होता आणि त्याला काश्मीर गाठायचं होतं. सोळाशे किलोमीटर मागं पडले होते. हे त्यानं आल्यापासून दोनदा सांगून टाकलं होतं. दोन्ही वेळा बाबाजींनी पाण्याचा तांब्या तेवढा पुढं सरकवला होता.

भर दुपारचं ऊन. मठ म्हणजे हमरस्त्याच्या फाट्यावरची एक कौलारू खोली आणि पुढं एक कडुनिंब. समोरून कच्ची वाट पऱ्हाटीच्या वावरांतून आत गेली होती. श्रावण त्या वाटेकडं पाठ करून बसला होता.

“तिकडं काय आहे?” बाबाजींनी विचारलं.

“करंजटेक.”

“कोणाचं गाव?”

“माझंच जी.”

मग हळूहळू सगळं निघालं. सात वर्षांपूर्वी तो पोलीस भरतीला गेला होता. निघताना आईला म्हणाला होता, आता वर्दी घालूनच घरात पाय ठेवीन. सोळाशे मीटरच्या धावण्यात तो दोन सेकंदांनी राहिला. तोंड कसं दाखवायचं, म्हणून मग पुण्याकडं एका गोदामात पोती उचलत राहिला. आई फोनवर कधीच ‘ये’ म्हणत नाही. शेळी व्याली म्हणते, हापशाला पाणी आलं म्हणते, आणि फोन ठेवताना सांगते की तुझी थाळी आजही घासून ठेवली. आता काश्मीर गाठायचं, नाव काढायचं आणि मगच घरी जायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

“किती लांब आहे?”

“काश्मीर? अजून दोन हजार तरी…”

“घर.”

“पाच किलोमीटर. अर्धा तास.”

“मग जा की.”

ते जमणार नाही, असं श्रावणनं सांगितलं. त्याचा एक नेम होता. जिथं थांबायचं तिथं रस्त्याच्या कडेला खडूनं रेघ ओढायची आणि पुन्हा त्याच रेघेवरून धावायला लागायचं. कन्याकुमारीपासून एक पाऊलही सुटलेलं नाही. आत्तासुद्धा फाट्यावर रेघ ओढूनच तो पाणी प्यायला आला होता.

“मुक्कामाला जातोस तेव्हा रेघ सोडूनच जातोस ना?”

“हो जी. पण सकाळी परत तिथंच येतो.”

“मग?”

 श्रावणनं तांब्यातलं पाणी उगीचच हलवलं.

“तिच्या अंगणात एकदा बसलो तर मी उठणार नाही, बाबाजी.”

…

बाबाजींनी एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं होतं. त्यांच्या पंथात एकदा गाव सोडलं की पुन्हा तिकडं फिरकायचं नाही. पन्नास वर्षं ते पायी हिंडले. गुडघे गेले तेव्हा या कडुनिंबाखाली थांबले. हे श्रावणला गावात असल्यापासून ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं त्यांनाच विचारलं होतं.

“तुमचं मन नाही राहिलं मागं?”

“राहिलं ना.”

“मग कधी आलं?”

“नाही आलं,” बाबाजी म्हणाले. “आमच्या घरच्या ओट्यावर बसलंय.”

ते काठीला धरून उठले. लंगडत फाट्यावर गेले. रेघ कुठं आहे ते पाहिलं आणि गुडघे दोन्ही हातांनी वाकवत तिच्या शेजारी, रस्त्याच्या कडेच्या मातीत बसले. डोक्यावर ऊन तसंच होतं.

श्रावण धावत मागं आला. “बाबाजी, चटके बसतील.”

“बसू दे. खडू दे तो.”

फडक्यात गुंडाळलेला खडू श्रावणनं कमरेच्या पिशवीतून काढला. बाबाजींनी तो आपल्या झोळीत टाकला.

श्रावणचं तोंड आता करंजटेकच्या वाटेकडं होतं. दोन पावलं तो गेलाही. मग थांबला.

“आणि उठलोच नाही तर?”

“आलास तर खडू घे आणि रेघ ओलांडून पुढं जा,” बाबाजी म्हणाले. “नाही आलास, तर मी पुसतो.”